वाचतो खणखणीत, पण कळतं काय?

घटक चाचणीचे पेपर सहीसाठी घरी गेले, की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात. या खेपेला बहुतेकांची तक्रार एकच आहे: मूल वाचतं, पण वाचलेलं त्याला कळत नाही. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. हस्ताक्षर सुधारण्याबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : बाई, माझा मुलगा सहावीत आहे. वाचन एकदम खणखणीत. शाळेत परिपाठाला बातम्या तोच वाचतो. पण वाचून झाल्यावर “काय होतं रे यात?” विचारलं की पंख्याकडे बघत बसतो. क्लासच्या सरांनी रोज एक उतारा आणि त्याखालचे प्रश्न सोडवायला सांगितलेत. वही भरत आली, फरक काही नाही. आणखी उतारे देऊ का?
– एक आई, भांडुप

उत्तर : नका देऊ. ताई, आधी एक गंमत करा. हा उतारा त्याच्यापुढे ठेवा : ‘तांबुळ्या भुरंग्याने किनखीला लोपटले. त्यामुळे किनखी खुरवली आणि ढबरात जाऊन बसली.’ आता प्रश्न. भुरंगा कसा होता? किनखीला कोणी लोपटले? किनखी का खुरवली? खुरवल्यावर ती कुठे जाऊन बसली?

चारही उत्तरं बरोबर येतील, त्याची आणि तुमचीही. भुरंगा खायचा असतो की पांघरायचा हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही, कारण हे शब्द मी आत्ता चहा पिता पिता बनवले आहेत. ‘ने’, ‘ला’, ‘त’ हे प्रत्यय आणि मध्ये एक ‘त्यामुळे’, एवढ्या भांडवलावर पैकीच्या पैकी मार्क. तुमच्या वहीतले बरेचसे प्रश्न याच जातीचे असणार. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या शेजारचं वाक्य उचलून खाली उतरवायचं. हे काम तुमचा मुलगा झकास करत असेल, त्यात शंका नाही.

प्रश्न विचारून आपण तपासतो. कसं समजून घ्यायचं हे त्यातून शिकवलं जात नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधक बाईंनी चौथीच्या वाचनाच्या तासांना वर्गात बसून अक्षरशः मिनिटं मोजली. तो अभ्यास १९७८-७९ मध्ये छापून आला. एकूण ४,४६९ मिनिटांपैकी मजकुराचा अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात गेली होती २० मिनिटं. बाकीचा बराच वेळ प्रश्नोत्तरं, स्वाध्याय, सूचना यांत. आपल्या वर्गात कोणी असं घड्याळ लावून बसलं तर फार वेगळं चित्र दिसेल, असं मला तरी वाटत नाही.

मग शिकवायचं म्हणजे काय करायचं? वाचताना तुमच्या डोक्यात जे चालतं, ते त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलायचं. त्यासाठी धड्यापेक्षा घरात आलेला कागद बरा. शनिवारी पेपरात लोकलच्या मेगाब्लॉकची, म्हणजे कामासाठी रूळ काही तास बंद ठेवण्याची सूचना येते, ती घ्या. ती साधारण अशी असते : ‘रविवारी माटुंगा ते मुलुंड अप व डाऊन जलद मार्गावर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ पर्यंत मेगाब्लॉक. या काळात डाऊन जलद लोकल माटुंगा ते मुलुंड दरम्यान डाऊन धीम्या मार्गावर वळवण्यात येतील. त्या शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड स्थानकांवर थांबतील आणि सुमारे १५ मिनिटे उशिराने धावतील.’

माझ्याकडे शनिवारी संध्याकाळी चाळीच्या कार्यालयात काही मुलं वाचायला येतात. त्यांच्यापुढे मी ही सूचना अशी वाचते : “डाऊन म्हणजे सीएसएमटीकडून कल्याणकडे. भांडुपहून आजीकडे दादरला गेलो तर ते अप, परत आलो तर डाऊन. म्हणजे ही ओळ परतीची. ‘जलद लोकल धीम्या मार्गावर’... थांबा हं. म्हणजे जलदचा रूळ बंद आहे, गाडी बंद नाही. पुढे स्टेशनं. शीव? जलद गाडी शीवला कुठे थांबते? हां, धीम्या रुळावर आलीय म्हणून. आणि भांडुप! एरवी बहुतेक जलद गाड्या भांडुपवरून धडधडत निघून जातात. रविवारी थांबणार. पण पंधरा मिनिटं उशिरा. आणि हे सगळं सकाळी अकरा ते दुपारी चार. आजीकडून पाचला निघालो तर यातलं काहीच आपल्याला लागू नाही.”

बोलता बोलता मी अडते, मागे जाते, आधीची समजूत बदलते. मुलांना नेमकं हेच कधी दिसलेलं नसतं. त्यांची कल्पना अशी, की मोठ्यांना ओळीवर नजर फिरवली की कळतं आणि आपल्याला कळत नाही म्हणजे आपण मठ्ठ. तुम्ही एकदा करून दाखवलंत की पुढच्या शनिवारी हार्बरची सूचना त्याच्या हातात द्या. बोलायचं त्याने. तुम्ही मधूनमधून एवढंच विचारायचं : “कशावरून?”

माझ्याकडच्या एका मुलीने ही यादी वाचून विचारलं, “बाई, यात विद्याविहार, कांजूर आणि नाहूर नाहीत. म्हणजे तिथे गाडी थांबणार नाही ना?” सूचनेत तसं कुठेच म्हटलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते तिने यादीवरून ओळखलं. ‘गाडी कोणकोणत्या स्थानकांवर थांबेल?’ या प्रश्नाने तिला तिथे कधी नेलं नसतं.

रोज दहा मिनिटं एवढं करा आणि ती वही सध्या कपाटात टाका. सर रागावले तर माझं नाव सांगा.

प्रश्न : मी गोवंडीच्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. घरी कोणी हिंदी बोलतं, कोणी भोजपुरी, कोणी मराठवाड्याकडची मराठी. प्रशिक्षणात गटवाचनाच्या चार भूमिका सांगितल्या : अंदाज बांधणारा, प्रश्न विचारणारा, अडलेलं सोडवणारा आणि सारांश सांगणारा. मी गळ्यात घालायला चार रंगांची कार्डं केली. मुलं कार्डांवरून भांडतात आणि सारांश म्हणून अख्खा धडा पुन्हा वाचतात. माझं कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका

उत्तर : तुम्ही कार्डं केलीत म्हणजे मनापासून केलंत. पण या पद्धतीचा उगम बघितला तर कार्डं त्यात नाहीत. ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली हे काम मांडलं. त्यांच्या अभ्यासातली मुलं सातवीची होती. वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता, म्हणजे वरच्या भांडुपच्या ताईंच्या मुलासारखीच. लहान गटात शिक्षक आधी चारही गोष्टी स्वतः करून दाखवायचे. मग एकेक मूल पाळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसायचं आणि पुढच्या परिच्छेदापुरतं या गोष्टी तेच करायचं. शिक्षक शेजारी असायचे, अडलं की धरायला. तुमच्याकडे सारांशवाला अंदाज बांधत नाही आणि अंदाजवाल्याचं काही अडत नाही, कारण अडणं हे दुसऱ्याच्या गळ्यात आहे! आपल्याकडे प्रशिक्षणातून पद्धत पोचते ती तिच्या साहित्यासकट, आणि बऱ्याचदा नुसतं साहित्यच पोचतं.

कार्डं गोळा करून ठेवा आणि ‘अडलं कुठे’ या एकाच गोष्टीपासून सुरुवात करा. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल, आणि परिच्छेदाच्या समासात किमान एक प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे असा नियम. ‘मला सगळं कळलं’ हे उत्तर चालणार नाही. मग विचारा, शब्द अडला की वाक्य? मुलं सवयीने शब्दाकडे बोट दाखवतात. शब्दार्थ सांगून आपणही मोकळे होतो. पण मी पाहिलंय, शब्द सगळे ओळखीचे आणि तरी वाक्य निसटलेलं, असंच जास्त वेळा होतं. ‘भरती आली की ती नदीचं पाणी मागे ढकलते आणि मग ती फुगते.’ यात दोन ‘ती’ आहेत. पहिली कोण, दुसरी कोण? पेन्सिलीने बाण काढायला सांगा. अर्ध्या वर्गाचे बाण भरतीकडेच जातील. ‘तरीही’, ‘अन्यथा’, ‘ज्याअर्थी’ हे शब्द तर मुलं खड्डा चुकवावा तसे चुकवून पुढे जातात. वाक्याची दिशा तिथेच बदललेली असते.

आता सारांश. मिठी नदीवरचा एक परिच्छेद मी मुलांना दिला होता. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते, कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात समुद्राला भरती, वगैरे. एका मुलाचा सारांश असा होता : ‘मिठी नदी आहे. ती पवईतून येते. २००५ ला खूप पाऊस पडला. भरती होती. लोकांचं नुकसान झालं.’ चूक एकही नाही. क्रमही बरोबर. फक्त पाऊस, भरती आणि नुकसान या तिघांची एकमेकांशी ओळखच नाही.

तेव्हापासून माझी एक अट आहे. सारांश एकाच वाक्यात, आणि त्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरी’ यांपैकी एक तरी शब्द आलाच पाहिजे. त्याच मुलाने बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं : ‘जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आले म्हणून मिठीचं पाणी समुद्रात जाऊ शकलं नाही आणि वस्तीत घुसलं.’ पवई गेली, साल गेलं. त्याची त्याला जरा रुखरुख होती. “बाई, साल लिहू का?” म्हणाला. नको, म्हटलं. काय सोडायचं हे ठरवता आलं, की मुद्दा सापडला असं मी धरते.

४२ मुलांत चौघांचे गट म्हणजे गोंगाट. पहिले काही दिवस सगळ्या वर्गापुढे तुम्ही करून दाखवा, मग बाकावरच्या जोड्या करा. आणि जोडीतली चर्चा हिंदीत, भोजपुरीत झाली तर होऊ द्या. मजकूर मराठी आणि फळ्यावर येणारं वाक्य मराठी, एवढं सांभाळा. मधलं भांडण ज्या भाषेत नीट भांडता येतं त्या भाषेत करू देत.

प्रश्न : मी दहावीत आहे. वाचताना तीन रंगांचे हायलाइटर वापरतो, तरी पेपरात आठवत नाही. आणि मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याला आधी कृती वाचायच्या की आधी उतारा?
– विद्यार्थी, कुर्ला

उत्तर : तुझ्या पुस्तकाचं पान फार छान दिसत असेल. जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून बघितल्या. त्यात रेघा मारणं आणि नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणं वरच्या गटात. तेव्हा एक पान वाच, पुस्तक मिट आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघ. हायलाइटर वापरायचाच असेल तर जे राहिलं तेवढ्यावरच फिरव. एकच रंग पुरेल.

कृतींवर आधी ओझरती नजर टाक. पण नंतर उतारा सलग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचच. आकृतिबंधातल्या रिकाम्या चौकटी भरण्यासाठी जे उताऱ्यात उड्या मारतात, त्यांचा पहिल्या कृतीला वेळ वाचतो आणि स्वमताला लिहायला काही उरत नाही. प्रत्येक कृतीपुढे मनात ठरव : याचं उत्तर एका ओळीत आहे, दोन-तीन ठिकाणचं जोडून येणार आहे, की उतारा आणि माझं डोकं मिळून काढायचं आहे? स्वमत हे तिसऱ्या प्रकारचं. ‘माझ्या मते वृक्ष आपले मित्र आहेत’ असं पाठ केलेलं तिथे टाकू नकोस. लेखक काय म्हणतो ते आधी एका वाक्यात सांग, मग तुझं म्हणणं सांग आणि त्याला तुझ्या बघण्यातलं एक उदाहरण दे. कुर्ल्यात राहतोस, उदाहरणांची तुला काय कमी!

प्रश्न : माझी मुलगी सातवीत. क्रिकेटच्या बातमीतला शब्द न् शब्द तिला समजतो, वर आम्हाला समजावते. भूगोलाचा धडा मात्र चार वेळा वाचूनही कोरी. हा आळशीपणाच ना?
– एक वडील, विक्रोळी

उत्तर : नाही हो. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तुमच्या मुलीचं तेच आहे. ‘तिसऱ्या स्लिपमध्ये झेल’ वाचताना तिच्या डोळ्यांपुढे मैदान उभं असतं. ‘खारे वारे’ वाचताना काहीच उभं नसतं.

ते उभं करून द्या, धड्याच्या आधी. दादर चौपाटीवर संध्याकाळी वारा कुठून येतो? समुद्राकडून, तोंडावर. का? दिवसभरात वाळू लवकर तापली, पाणी उशिरा तापतं. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. ते मतलई. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दिवसा खाऱ्या वाऱ्यावर परतायचे. एवढ्या गप्पा पाच मिनिटांत होतात. त्यानंतर धडा वाचायला द्या आणि त्याच आठवड्यात समुद्र, वारा, मासेमारी यांवरचं आणखी एक-दोन ठिकाणचं काही वाचू दे. सोमवारी कांगारू, मंगळवारी ताजमहाल, बुधवारी प्रामाणिक लाकूडतोड्या, असे रोज वेगळे उतारे सोडवून ही जमीन तयार होत नाही. अंदाज बांधणं, प्रश्न पाडणं, सारांश काढणं ही सगळी हत्यारं चांगलीच आहेत, पण ती शिकायला काही आठवडे लागतात. जगाची माहिती साठायला वर्षं लागतात, आणि तेवढा धीर क्लासवाल्यांच्या फीच्या हिशेबात बसत नाही.

प्रश्न : मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स मुलासाठी घ्यावा का?
– एक पालक, बोरिवली

उत्तर : नको. वाचताना डोळे कसे हलतात यावर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या दाव्यांचा समाचार घेतला आहे. वेग फार ताणला की समजणं कमी होतं. त्या पैशांची पुस्तकं आणा.

प्रश्न : नात इंग्रजी माध्यमात पाचवीला आहे. मराठी सुरेख बोलते, पण वाचताना अडखळते आणि वाचलेलं तिला सांगता येत नाही. मी रोज सकाळी तिच्याकडून अग्रलेख मोठ्याने वाचून घेतो. हल्ली ती सकाळी माझ्या खोलीत यायचं टाळते. मराठी तिच्या हातून जाणार, ही भीती वाटते.
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर : आजोबा, अग्रलेख मोठ्याने वाचायला लावला तर आमच्या शिक्षक खोलीतही अर्धे लोक गायब झाले असते. तो आधी बंद करा.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेला एक साधा हिशेब आहे. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि ती भाषा ऐकून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. तुमच्या नातीची दुसरी बाजू भक्कम आहे, कारण घरात मराठी बोलली जाते. मुंबईतल्या किती घरांत आता ही बाजूच लंगडी झालेली असते, ते मला विचारा. तिचं अडतंय ते पहिल्या बाजूला, आणि मेहनत त्या ओळखीवर खर्च झाल्यामुळे अर्थाकडे लक्ष द्यायला तिच्याकडे काही शिल्लक राहत नाही.

ती कुठे अडखळते ते एकदा कागदावर टिपा. माझा अंदाज, जोडाक्षरं, आणि त्यातही ‘र’. सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या : एकच र चार वेशांत येतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गाडी हमखास इथे रुळावरून घसरते. रोज त्यातला एकच वेश घ्या आणि तसे सात-आठ शब्द तिच्याकडून पेपरातून शोधून घ्या, मथळे पुरतील.

समजण्याचं काम वेगळं ठेवा. त्यासाठी एखादी चांगली गोष्ट तुम्ही तिला वाचून दाखवा, तिच्या वाचनाच्या इयत्तेपेक्षा वरची चालेल. मजेदार जागा आली की पुस्तक तिच्याकडे द्या, चार ओळी तिच्या, मग पुन्हा तुम्ही. पुढे काय होईल यावर पैज लावा आणि ती काहीही म्हणाली तरी “कशावरून?” एवढं विचारा. तिच्या चार ओळींत ती एखाद्या शब्दाला थांबली तर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा, मग शब्द सांगून टाका आणि पुढे चला. उच्चार सुधारणं, अर्थ विचारणं हे सगळं प्रकरण संपल्यावर.